पाच मिनिटांचं इंजेक्शन

"नात्यातलं लग्न आहे का तुमचं?" डॉक्टर प्रभुण्यांनी दारात उभं राहूनच विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"आई-वडिलांचं?"

"त्यांचंही नाही."

"घरात कुणाला ऑपरेशनसाठी भूल दिली आणि जागं व्हायला फार वेळ लागला, असं झालंय?"

"माझ्या माहितीत तरी नाही."

त्यांनी कागदावर तीनदा 'नाही' लिहिलं. माझ्या खाटेपाशी उभे असलेले माझे यजमान नागनाथराव कोटलवार छताकडे बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांना खोटं बोलता येत नाही आणि कुणी बोलत असलं तर त्या माणसाकडे बघताही येत नाही.

ही गोष्ट ब्याण्णव सालच्या जानेवारीतली. मी अडतीस वर्षांची होते. आंध्राच्या सीमेजवळच्या आमच्या तालुक्याच्या गावी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. पित्ताशयात खडे झाले होते आणि डॉक्टर मोहगावकरांच्या बारा खाटांच्या दवाखान्यात त्या सकाळी ऑपरेशन होतं. भूल देणारे डॉक्टर नांदेडहून दर गुरुवारी यायचे. प्रभुणे त्यांतले नवे. साताऱ्याकडचे, किडकिडीत, तिशीतले. बोलणं अगदी पुस्तकी, शुद्ध. मला नेमकी त्याच बोलण्याची धास्ती होती.

का, ते सांगते. नागनाथराव माझ्या आईचे धाकटे भाऊ. म्हणजे माझे सख्खे मामा. माझी आईसुद्धा तिच्या मामालाच दिलेली. आमच्या कोमटी जातीत, निदान आमच्या भागात, तेव्हा त्यात कुणाला काही वाटायचं नाही. मुलगी घरातल्या घरात राहते, सासू म्हणजे आपली आजीच असते, आणखी काय हवं? मलाही काही वाटलं नव्हतं, बी.एड.साठी औरंगाबादला जाईपर्यंत. तिथे वसतिगृहात खोलीतल्या मुलींनी माझ्या पेटीतला फोटो बघून विचारलं, "हा कोण गं?"

"माझा मामा," मी म्हणाले.

"आणि लग्न ठरलंय म्हणत होतीस, तो?"

"तोच."

पुण्या-नाशिकच्या मुली त्या. मामाच्या मुलीशी लग्न त्यांनाही चालायचं, पण खुद्द मामाशी? आधी त्या हसून हसून लोळल्या, मग एकीने तोंड वाकडं करून "ई" केलं. ते "ई" मला आजही ऐकू येतं. परीक्षा होईपर्यंत अख्खं वसतिगृह मला 'मामी' म्हणत होतं.

लग्न झालं, मला या गावात नोकरी लागली आणि नागनाथरावांनी इथेच भांड्यांचं दुकान टाकलं. गावात आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. मी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. घरात मामा, बाहेर 'अहो'. कुणी विचारलं तर, नात्यातलं नाही, स्थळ सांगून आलं होतं. पंधरा वर्षं त्या माणसाने तो नियम पाळला. तेव्हा दवाखान्याच्या दारात, शोभा सिस्टर, वॉर्डबॉय आणि भेटायला आलेल्या शाळेतल्या दोन शिक्षिका यांच्या देखत मी 'नाही' म्हणाले, यात मला काही वावगं वाटलं नाही. डॉक्टरला माझ्या खड्यांशी मतलब, माझ्या लग्नाशी कशाला?

प्रभुण्यांनी कागदाची घडी घातली आणि पुढचं समजावून सांगितलं. आधी झोपेचं औषध. मग स्नायू सैल पाडणारं इंजेक्शन, म्हणजे घशात श्वासाची नळी नीट बसते. "त्या इंजेक्शनने अंगातले सगळे स्नायू ढिले पडतात, श्वासाचेसुद्धा. पण पाच-सात मिनिटंच. तेवढा वेळ तुमचा श्वास मी चालवतो. ते उतरलं की मग पुढचं. उद्या-परवा अंग ठणकेल, जिन्यावरून गडगडल्यासारखं. त्याला घाबरायचं नाही."

"मी कशाला घाबरते?" मी म्हणाले. शाळेतल्या दोघी हसल्या.

जाग आली ती आवाजाने आली. कुणीतरी काहीतरी दाबत होतं आणि सोडत होतं. फुस्स, मग थांबणं, मग फुस्स. त्या प्रत्येक आवाजाबरोबर माझी छाती वर जात होती, पण ती मी नेत नव्हते. डोळे उघडायचा प्रयत्न केला. पापण्या हलल्या नाहीत. बोट, जीभ, काही हललं नाही. श्वास घ्यायला गेले तर छातीने ऐकलंच नाही. मला वाटलं, मी मेले आणि मेल्यावर असंच असतं, ऐकू तेवढं येतं.

मग मोहगावकर बोलले. "पावणेदोन वाजले, प्रभुणे. टाके घालून तास होऊन गेला. पाच मिनिटांचं औषध ना हे?"

"हो."

"मग? बाईंच्या मेंदूला काही झालंय. मी गाडी काढायला सांगतो. नांदेडला पोचवू."

"नव्वद किलोमीटर, सर. रस्ता माहीत आहे तुम्हाला, मी आजच आलोय. गाडीत एका खड्ड्यात नळी निसटली तर मी काही करू शकणार नाही."

"आणि इथे ठेवून काय करणार आहात? इथे मशीन आहे का श्वासाचं?"

"माझे हात आहेत." फुस्स. थांबणं. फुस्स. "मला एक शंका आहे, सर. रक्तातला एक पदार्थ ते इंजेक्शन मोडून टाकतो. काही घराण्यांत तो पदार्थच कामाचा नसतो. पिढ्यान्‌पिढ्या नात्यात लग्नं होतात तिथे जास्त आढळतं. तसं असेल तर फक्त थांबायचं. औषध आपोआप उतरतं, तास लागतात. पण हिस्टरी जुळत नाही. मी तिन्ही प्रश्न विचारले होते. बाई तिन्हींना नाही म्हणाल्या."

"मग शंका सोडा. गाडी काढू."

मला सगळं कळलं. माझ्या तोंडून निघालेले ते तीन 'नाही' आता मला गाडीत घालून खड्ड्यांच्या रस्त्यावर नेणार होते. मी आत जिवाच्या आकांताने ओरडत होते, आहे, आहे, नात्यातलं आहे. बाहेर माझी पापणीही हलत नव्हती. आयुष्यात मुलींना मी हजारदा दटावलं असेल, विचारलेल्या प्रश्नाचं नीट उत्तर द्या म्हणून.

"एकदा नवऱ्याला विचारतो," प्रभुणे म्हणाले. "इथेच बोलवा. मला ही श्वासाची पिशवी सोडता येणार नाही."

अनवाणी पावलं आत आली. दारापाशीच थबकली.

"या, पुढे या. घाबरू नका, नाडी चांगली आहे," प्रभुणे म्हणाले. "मला फक्त एक सांगा. यांच्या माहेरी कुणाला भूल दिल्यावर असं झालं होतं का?"

नागनाथरावांनी घसा खाकरला. "तिनं सांगितलं की तुम्हाला."

"त्या नाही म्हणाल्या."

"मग तेच."

पंधरा वर्षांचा नियम. मीच घातलेला. तो भोळा माणूस माझ्या मरणाच्या दारातसुद्धा तो पाळत होता. मामा, बोला, मी मनात म्हणत होते. एकदा मोडा माझं.

मोहगावकर दरवाजाकडे जाताना ऐकू आले. "गाडी लावा रे," त्यांनी हाक मारली.

"गाडी कशाला?" नागनाथरावांनी विचारलं.

"नांदेडला न्यायचंय," प्रभुणे म्हणाले. "कोटलवार, मी खरं सांगतो. रस्त्यात त्या दगावू शकतात. इथे थांबायला मला कारण हवं. कारण असेल तर ते फक्त तुमच्याकडे आहे. त्या खोटं बोलल्या असतील तरी मी रागावणार नाही."

अनवाणी पावलं आता माझ्या अगदी जवळ आली.

"अक्काला असंच झालतं," नागनाथराव म्हणाले.

"अक्का कोण?"

"हिची आई. निजामाबादला गर्भपिशवी काढली तवा. सकाळी आत नेलं ते दिवस मावळताना डोळे उघडले. तिथला डॉक्टर रडकुंडीला आला होता. घरचे म्हणले, बाहेरचं काहीतरी लागलंय, कुठं बोलायचं नाही. ही तवा औरंगाबादला शिकायली होती. हिला निम्मंच माहीत."

"तुम्ही तिथे होता? जावई म्हणून?"

"नाही. भाऊ म्हणून."

"कुणाचा भाऊ?"

"अक्काचा."

फुस्स. थांबणं. या वेळी थांबणं जरा लांबलं.

"म्हणजे तुम्ही यांचे—"

"मामा. सख्खा." नागनाथराव आता थांबले नाहीत. "आणि नवरापण. अक्कालापण मामालाच दिलेली. आमच्यात तसं करतात, डॉक्टर. हिला लाज वाटायची म्हणून आम्ही कुठं सांगत नव्हतो. तुम्हीपण भाईर सांगू नका."

आता हसतील, मला वाटलं. मी 'ई'ची वाट बघत राहिले. हसलं कुणी नाही.

"सर," प्रभुणे म्हणाले, "गाडी नको. आपण थांबतोय." मग नागनाथरावांना म्हणाले, "हात धुऊन या आणि या स्टुलावर बसा. आत्ता सांगितलंत ते सांगायला हिंमत लागते. आता मला दर दहा मिनिटांनी घड्याळात किती वाजले ते सांगत राहायचं."

तेवढ्यात त्यांचा आवाज एकदम जवळ आला. माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी गेलं असावं. कुणीतरी ते पुसलं.

"बाई, तुम्ही जाग्या आहात," ते माझ्या कानाशी म्हणाले. "मला उशिरा कळलं, माफ करा. नीट ऐका. तुम्ही मेला नाहीत आणि मरणार नाही. ऑपरेशन व्यवस्थित झालंय. इंजेक्शन तुमच्या अंगातून उतरायला वेळ घेतंय, एवढंच. हलता येणार नाही, तसा प्रयत्न करू नका. श्वास घ्यायचाही प्रयत्न करू नका, तो माझ्यावर सोपवा. आता थोडं झोपेचं औषध देतो. मध्येच जाग आली तर हाच आवाज ऐकू येईल, म्हणजे मी इथेच आहे असं समजायचं. आधी एक बोट हलेल, मग पापणी, मग छाती. याच क्रमाने."

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर मी ती दुपार काढली. "माझा असा हा चौथा पेशंट आहे, बाई. आधीचे तिघंही चालत घरी गेले."

चौथा. मी तो शब्द घट्ट धरून ठेवला. झोप लागायची, जाग यायची, पिशवी वाजत असायची. एकदा जाग आली तेव्हा नागनाथराव "सव्वातीन" म्हणत होते. एकदा शोभा सिस्टर म्हणत होत्या, "सर, जेवून तरी घ्या, मी दाबते," आणि प्रभुणे म्हणाले, "दहा मिनिटं दाबा, मी बोटं मोकळी करतो. जेवण नको." एकदा ते मला विचारत होते, कृष्णा नदी कुठे उगम पावते ते मुलींना नीट सांगता का, कारण त्यांच्या आजोळी तिच्या काठावर शेत होतं. महाबळेश्वर, मी मनात उत्तर दिलं. उत्तर येतंय म्हटल्यावर मेंदू शाबूत आहे अशी माझी मला खात्री पटली.

साडेचारच्या सुमाराला उजव्या हाताचं बोट हललं. नागनाथरावांनी पाहिलं आणि घड्याळ सांगायचं विसरले. मग पापणी उघडली. पहिल्यांदा दिसला तो प्रभुण्यांचा घामेजलेला गळा. मग छातीत काहीतरी उचकीसारखं झालं.

"घ्या," ते म्हणाले. त्यांनी पिशवीवरची बोटं सैल केली. "आणखी एक घ्या, बाई. आता तुमचा तुम्ही घ्या."

मी घेतला. पाच वाजून दहा मिनिटांनी त्यांनी नळी काढली आणि ते भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या हाताची बोटं सरळ होत नव्हती. शोभा सिस्टर ती एकेक करून सोडवत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून अंग ठणकायला लागलं, अगदी जिन्यावरून गडगडल्यासारखं. मी कुरकुर केली नाही. दुखणं म्हणजे अंग माझं आहे, एवढं मला पुरत होतं.

पुढच्या गुरुवारी घरी सोडायच्या आधी प्रभुणे आले. या वेळी दारात उभे राहिले नाहीत. वॉर्डबॉयला बाहेर पाठवलं, पडदा ओढला आणि स्टूल घेऊन बसले.

"मी तुमच्याशी खोटं बोलले," मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं. "तीनदा."

"मी पण चुकलो," ते म्हणाले. "चार माणसांत उभ्या उभ्या विचारलं आणि का विचारतोय ते सांगितलंच नाही. असं विचारल्यावर कोण खरं सांगेल? आता मी बसून विचारतो. कालपासून."

"तुम्ही आधी तिघांना वाचवलंत, म्हणून मला धीर आला. तुमचे उपकार कसे फेडू?"

ते हळूच म्हणाले, "आधी कुणी नव्हतं, बाई. तुम्हीच पहिल्या. मी फक्त पुस्तकात वाचलं होतं, दीड पानभर."

साडेतीन तास हा माणूस माझ्याइतकाच घाबरलेला होता आणि मला कृष्णेचा उगम विचारत होता. मी त्यांचे दोन्ही हात धरले. आज मी सत्तरी ओलांडली आहे. या तीस वर्षांत जे जे म्हणून पाहिलं, लेकीचं लग्न, नातवंडं, मामांची साठी, ते सगळं मला त्या बोटांनी दाबून दिलं आहे. देवापुढे हात जोडते तेव्हा आधी त्यांचं नाव घेते आणि त्यात मला काही संकोच वाटत नाही.

त्यांनी मला एक कागद दिला. इंजेक्शनचं नाव, काय झालं, किती तास लागले, आणि खाली ठळक अक्षरांत, हे इंजेक्शन पुन्हा देऊ नये. "हा कायम जवळ ठेवा. कुठेही, कशासाठीही भूल द्यायची असेल तर आधी हा दाखवायचा. आणि भावंडं आहेत ना? त्यांच्यातही असू शकतं. त्यांना कळवा. नुसतं औषधाचं नाव सांगून भागणार नाही. डॉक्टरने विचारलं तर नातंही सांगायचं. म्हणजे तो ते गांभीर्याने घेईल."

मला एकच बहीण, कमल, बोधनला दिलेली. मी नागनाथरावांकडे पाहिलं. ते उठून उभेच राहिले. "कमलीला निजामाबादला भरती करायलेत," ते म्हणाले. "गर्भपिशवीसाठी. परवा कार्ड आलं. तू आजारी म्हणून बोललो नाही."

दवाखान्यातून आम्ही घरी गेलोच नाही. रिक्षा तशीच चौकातल्या टेलिफोन बूथवर नेली. संध्याकाळची वेळ, रांग लागलेली. माझी अवस्था बघून लोकांनी पुढे जाऊ दिलं. बूथ म्हणजे काय, काचेचा आडोसा आणि मोडकं दार, ते लागायचं नाही. मागे आमचे हेडमास्तर बिडवे सर उभे होते आणि दहावी ब मधल्या दोन मुली. नागनाथरावांच्या खिशातल्या कार्डावर दवाखान्याचा नंबर होता, तो लागायला वीस मिनिटं गेली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना बोलवा म्हणून मी तीनदा सांगितलं, तेव्हा ते आले.

मी तेलुगूत बोलायला लागले. घरी आम्ही तीच बोलतो. पण सीमेवरच्या गावात तेलुगू सगळ्यांनाच कळते, बिडवे सरांना तर माझ्याहून चांगली. मी आवाज खाली आणला आणि सांगितलं, माझ्या बहिणीला स्नायू सैल पाडणारं ते इंजेक्शन देऊ नका, मला असं असं झालं.

"ऐकू येत नाही," पलीकडून आवाज आला. "आणि सगळ्यांनाच देतो आम्ही ते. तुम्हाला दुसऱ्या कशाने झालं असेल. तुमच्या घराण्यात काही आहे का तसं? मोठ्याने बोला."

मी मागे वळून पाहिलं. मुली माझ्याकडेच बघत होत्या. नागनाथराव रिक्षापाशी माझी पिशवी सांभाळत उभे होते आणि या वेळी छताकडे, आभाळाकडे, कुठेही न बघता सरळ माझ्याकडे बघत होते.

"आहे," मी ओरडले. "माझ्या आईला असंच झालं होतं. माझ्या आईचं लग्न तिच्या सख्ख्या मामाशी झालेलं. माझंही माझ्या सख्ख्या मामाशी झालंय. मी आणि कमल एकाच आईच्या."

फोनमध्ये आवाज येईना. लाईन तुटली असं मला वाटलं.

"बाई," पलीकडचे डॉक्टर म्हणाले, त्यांचा आवाज बदलला होता. "तिला उद्या सकाळी आठला आत घेणार होतो. थांबा, कागद घेतो. लाईन खराब आहे, पुन्हा एकदा सावकाश सांगा. मी लिहून घेतो."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी आणखी मोठ्याने.